जंबो मशिंडर हाती आल्यावर: मोठ्या जपानी रोबोट खेळण्याचा काळ कसा ठरवावा आणि ते कसे जपावे

जंबो मशिंडर पहिल्यांदा उचलणाऱ्याचा हात हटकून फसतो. सुमारे ६० सेंटिमीटर उंचीचा, रुंद छातीचा रोबोट पाहून आपण जेवढे बळ एकवटतो, त्याच्या मानाने ही वस्तू फारच हलकी निघते. कारण आतून ती शाम्पूच्या बाटलीसारखी पोकळ असते आणि तयारही बाटलीसारखीच केलेली असते. हा हलकेपणा ओळखीची पहिली खूण आहे. या खेळण्यांचा उदय आणि अस्त या दोन्हींचा धागाही त्यातच सापडतो.

पुढील मार्गदर्शन तीन कामांपुरते आहे: समोरचे खेळणे खरोखर १९७० च्या दशकातले आहे का हे ठरवणे, त्याचे कोणते भाग मूळचे आहेत हे तपासणे आणि त्याला अपाय न करता ते सांभाळणे. तिन्ही कामांत एकच पथ्य पाळावे लागते. या खेळण्याकडे एक अखंड वस्तू म्हणून पाहू नये. धड, मुठी, डोके, स्टिकर आणि खोका या प्रत्येकाची साक्ष स्वतंत्रपणे घ्यावी आणि त्या साक्षी जुळतात का ते नंतर पाहावे. मुठी काढून दुसऱ्या बसवता येणे हा या खेळण्याच्या रचनेचाच भाग होता. पन्नास वर्षांत ज्याचे सुटे भाग मुलांच्या हातून, माळ्यावरून आणि विक्रेत्यांच्या पेट्यांतून फिरले आहेत, ते एकाच खोक्यातून बाहेर पडलेले असेल असे गृहीत धरणे भाबडेपणाचे ठरते.

उंचीपासून सुरुवात करावी

गो नागाई यांची ‘माझिंगर झेड’ ही चित्रकथा १९७२ च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झाली आणि तोएई दोगाने तयार केलेली तिची दूरचित्रवाणी मालिका ३ डिसेंबर १९७२ रोजी फुजी टीव्हीवर आली. ती १ सप्टेंबर १९७४ पर्यंत ९२ भाग चालली. पॉपी ही बांदाई या जपानी खेळणी कंपनीची उपकंपनी तेव्हा अगदी नवी होती. तिची स्थापना १९७१ ची, आणि ‘कामेन रायडर’ या दूरचित्रवाणी नायकाचा दिवे लागणारा, फिरणारा पट्टा हे तिचे पहिले मोठे यश. १९७३ मध्ये पॉपीने माझिंगर झेडचा सुमारे ६० सेंटिमीटरचा रोबोट ‘जंबो मशिंडर’ या नावाने बाजारात आणला. त्यापूर्वी जपानी मुलाच्या हातातला रोबोट बहुधा पत्र्याचा आणि किल्लीवर किंवा बॅटरीवर चालणारा असे. राक्षसांच्या खेळण्यांत मऊ व्हिनाइलचे राज्य होते. या दोन्हींपेक्षा जंबो मशिंडर खूपच मोठा होता. लहान मूल त्याला दोन्ही हातांनी कवेत घेई.

मालिकांनी दिलेल्या मापांशी खेळण्याची उंची ताडून पाहणे हा एक गमतीचा उपक्रम आहे. कथेत माझिंगर झेड १८ मीटर उंच आहे, म्हणजे ६० सेंटिमीटरचे खेळणे त्याच्या तिसाव्या हिश्श्याइतके ठरते. त्याच दशकातल्या इतर मालिकांतले रोबोट पाहा: ग्रेट माझिंगर २५ मीटरचा, ग्रेंडायझर ३० मीटरचा, गेटर १ हा ३८ मीटरचा आणि कॉम्बॅटलर व्ही तर ५७ मीटरचा. तरीही या सर्वांचे जंबो मशिंडर साधारण एकाच उंचीचे आहेत. याचा अर्थ असा की प्रमाणबद्ध प्रतिकृती करणे हा पॉपीचा उद्देश कधीच नव्हता. उंची ठरली ती मुलाच्या कवेवरून आणि दुकानातल्या मांडणीवरून. म्हणून एखादा विक्रेता ‘अचूक प्रमाणातील प्रतिकृती’ असे शब्द वापरू लागला, तर वस्तूबद्दल नव्हे, पण त्याच्या माहितीबद्दल तरी शंका घ्यावी.

काळ ठरवण्याचा पहिला आणि सर्वांत सोपा नियम इथेच मिळतो: मालिकेच्या वर्षाच्या फार आधीचे खेळणे असू शकत नाही. गेटर रोबो आणि ग्रेट माझिंगर १९७४ चे, राइदीन आणि ग्रेंडायझर १९७५ चे, गाइकिंग आणि कॉम्बॅटलर व्ही १९७६ चे, दाइमोस १९७८ चा. या वर्षांचा एक तक्ता करून जवळ ठेवावा. ‘१९७३ चा दुर्मिळ ग्रेंडायझर’ अशा जाहिरातींना तो एका ओळीत उत्तर देतो.

साच्याची शिवण शोधावी

मुख्य तपासणी पदार्थाची आहे. तिला वेळ द्यावा.

जंबो मशिंडरचे धड आणि पाय पॉलिएथिलीनचे असतात. हा पदार्थ जपानमध्ये तेव्हा फार जुना नव्हता. जर्मनीत कार्ल त्सीग्लर यांनी १९५३ मध्ये शोधलेल्या पद्धतीचे हक्क मित्सुई पेट्रोकेमिकलने घेतले आणि १९५८ मध्ये इवाकुनी येथे उत्पादन सुरू झाले. त्याच वर्षी जपानभर हुला हूपची लाट आली आणि कंबरेभोवती फिरणाऱ्या त्या कड्यांनी नव्या प्लास्टिकला गिऱ्हाईक मिळवून दिले. पुढच्या १५ वर्षांत पॉलिएथिलीन बादल्या, डबे आणि बाटल्या यांत मुरले. पोकळ वस्तू झटपट आणि स्वस्तात फुगवण्याचे तंत्र कारखान्यांत रुळलेले होते, आणि जंबो मशिंडर त्याच तंत्राचे अपत्य आहे.

या तंत्रात वितळलेल्या प्लास्टिकची नळी वरून खाली सोडतात, साच्याचे दोन अर्धे भाग तिच्यावर मिटतात आणि आत हवा फुंकतात. नळी फुगून साच्याच्या भिंतींना चिकटते आणि थंड झाल्यावर बाहेर काढली जाते. या प्रक्रियेच्या तीन खुणा वस्तूवर कायम राहतात. पहिली खूण म्हणजे दोन्ही बाजूंनी उभी जाणारी बारीक शिवण. साच्याचे अर्धे भाग जिथे भेटले ती ही रेषा. दुसरी खूण म्हणजे नळी चिमटली जाऊन तुटली त्या जागेचा जाडसर, किंचित ओबडधोबड पट्टा, जो बहुधा नजरेआड जाणाऱ्या बाजूला, सांध्यात किंवा तळाशी ठेवलेला असतो. तिसरी खूण डोळ्यांपेक्षा बोटांना लवकर कळते: भिंतीची जाडी सगळीकडे सारखी नसते. जिथे प्लास्टिकला सर्वांत जास्त ताणावे लागले, त्या बाहेर आलेल्या कोपऱ्यांवर आणि कडांवर भिंत पातळ होते. धडाच्या सपाट भागावर अंगठ्याने हलकेच दाबले तर ते किंचित आत जाते आणि पुन्हा वर येते. खांद्याच्या कोपऱ्यापाशी हे दबणे वेगळे लागते. एकसारख्या जाडीचे, टणक आणि आतल्या बाजूला प्लास्टिक ओतल्याचा बिंदू दाखवणारे धड दिसले, तर ते दाबाने भरलेल्या साच्यातले, म्हणजे दुसऱ्याच जातीचे उत्पादन आहे. बोटाखाली रबरासारखे लागणारे आणि सांध्याच्या तोंडाशी कापल्याची कड दाखवणारे धड मऊ व्हिनाइलचे असते. पुढच्या काळातली अनेक मोठी खेळणी तशी आहेत आणि ती वाईट नाहीत, पण ती जंबो मशिंडर नाहीत.

पॉलिएथिलीनचा आणखी एक स्वभाव तपासणीला उपयोगी पडतो. त्याच्या पृष्ठभागाला काहीच धड चिकटत नाही. रंग पापुद्र्याने सुटतो, नेहमीचा झटपट गोंद काचेवरून घसरावा तसा सुटून येतो आणि स्टिकरच्या कडा काही वर्षांत वर वळतात. कारखान्याला हे ठाऊक होते. म्हणून माझिंगरचा काळपट निळा रंग वरून दिलेला नसून प्लास्टिकमध्येच मिसळलेला असतो आणि बारकावे बहुधा स्टिकरांनी किंवा वेगळ्या रंगाच्या सुट्या भागांनी साधलेले असतात. परिणामी, मोठ्या पृष्ठभागावर सलग, चकचकीत रंगाचा थर दिसला तर तो नंतर दिलेला आहे असेच समजावे. पायाच्या तळाशी किंवा काखेत, जिथे रंगवणाऱ्याचा ब्रश सहसा पोहोचत नाही, तिथे मूळ रंग सापडतो.

स्टिकरांबाबत मात्र उलट दिशेने सावध राहावे. पन्नास वर्षांच्या पॉलिएथिलीनवर स्टिकरची एकही कड वळलेली नसेल तर आनंदित होण्यापूर्वी भिंगाखाली छपाई पाहावी. जुनी छपाई ठिपक्यांच्या ठरावीक जाळीची किंवा सपाट शाईची असते. घरगुती शाई-मुद्रकावरून काढलेल्या प्रतीत ठिपके विखुरलेले आणि कडा फुटलेल्या दिसतात. प्रत असलेला स्टिकर लावण्यात गैर काही नाही. तो मूळ म्हणून विकणे गैर आहे.

मुठीवर विश्वास ठेवू नये

माझिंगर झेडचे सर्वांत प्रसिद्ध शस्त्र म्हणजे कोपरापासून सुटून शत्रूवर झेपावणारी मूठ, ‘रॉकेट पंच’. जंबो मशिंडरच्या बाहूत स्प्रिंग असते, मूठ आत ढकलून अडकवायची आणि कळ दाबली की ती उडते. अनेकांच्या तळपायांना चाके असतात, म्हणजे रोबोट जमिनीवर ढकलत नेता येतो. पॉपीने याच जोडणीचा व्यापारी उपयोग करून घेतला. मुठीच्या जागी बसतील असे वेगवेगळे शस्त्रधारी हात स्वतंत्रपणे विकले गेले आणि एका रोबोटपुरते पैसे खर्च करणाऱ्या पालकांना पुढच्या वाढदिवसाचा प्रश्न आपोआप सुटलेला सापडला. खेळण्यांच्या इतिहासात या युक्तीची जेवढी दखल घ्यायला हवी तेवढी घेतली जात नाही असे माझे मत आहे. रोबोट एकदाच विकला जातो, पण त्याचे हात पुन्हा पुन्हा विकता येतात.

आजच्या परीक्षकासाठी याचा परिणाम असा की मूठ हा सर्वांत अविश्वसनीय साक्षीदार आहे. ती हरवते, उसनी घेतली जाते, दुसऱ्या रोबोटची बसवली जाते आणि आता तिच्या नकलाही होतात. माझ्या पहिल्या माझिंगरच्या दोन मुठींच्या रंगात फरक आहे हे मला तो घेतल्यानंतर कितीतरी महिन्यांनी, सकाळच्या उन्हात पहिल्यांदा दिसले. विक्रेत्याने दिव्याच्या पिवळ्या उजेडात काढलेले छायाचित्र मी तोवर पुरावा मानत होतो. म्हणून दोन्ही मुठी शेजारी ठेवून दिवसाच्या उजेडात पाहाव्यात. रंगाची छटा, शिवणीची जागा, बोटांच्या घड्यांची खोली आणि आतल्या खोबणीचा आकार या चारही गोष्टी जुळायला हव्यात.

नकल ओळखण्याचा चांगला उपाय म्हणजे माप. मूळ भागावरून रबराचा साचा घेऊन त्यात राळ ओतून केलेली प्रत आटल्यामुळे मूळापेक्षा थोडी लहान भरते. फरक डोळ्यांना जाणवत नाही, पण मापकाला जाणवतो. त्यामुळे शक्य असेल तेव्हा दुसऱ्या संग्राहकाकडच्या खात्रीच्या भागाची मापे मागून घ्यावीत. राळेची प्रत भरीव आणि हाताला जड लागते, भिंगाखाली तिच्यात हवेचे बारीक बुडबुडे दिसतात.

सुटा, भरीव, स्टिकर आणि धातू नसलेला तुकडा असेल तर पाण्याची चाचणीही करता येते. पॉलिएथिलीन पाण्यापेक्षा हलके असते आणि तरंगते. पीव्हीसी आणि एबीएस ही प्लास्टिके आणि नेहमीची राळ बुडते. अर्थात ही चाचणी पदार्थ सांगते, काळ सांगत नाही. पोकळ भाग तर आतल्या हवेमुळे काहीही असला तरी तरंगतो, म्हणून धडावर हा प्रयोग करणे निरर्थक आहे.

रोबोटांची अदलाबदल ओळखण्यासाठी मूळ रचना ठाऊक असणे आवश्यक आहे. माझिंगर झेडच्या छातीवर दोन वेगळे लाल पट्ट असतात. ग्रेट माझिंगरच्या छातीवरचा लाल भाग मध्यभागी जोडलेला, पंख पसरल्यासारखा असतो आणि कथेत तोच सुटून बूमरँग म्हणून फेकला जातो. झेडच्या पाठीवर लाल पंख दिसले, तर ते ‘जेट स्क्रँडर’ आहेत. मालिकेत ते पहिल्यापासून नाहीत, १९७३ च्या उन्हाळ्यात येतात. नायकांखेरीज त्यांचे शत्रूही निघाले: दोन डोक्यांचा डबलास एम २ आणि कवटीच्या तोंडाचा गरादा के ७. शत्रूचा रोबोट विकत घेण्याचा हट्ट धरणारी मुले तेव्हाही थोडी होती, आणि संग्राहक आज नेमक्या त्याच दोघांच्या मागे धावतात. एवढ्या मागणीच्या वस्तूची तपासणी दुप्पट कडक असावी.

खोक्यावर काय वाचावे

जपानी वाचता येत नसले तरी खोक्यावरून बरेच कळते, फक्त बोधचिन्हाकडे सर्वांत शेवटी पाहावे. पॉपी १९८३ मध्ये बांदाईत विलीन झाली, त्यामुळे पॉपीचे चिन्ह जुनेपणाचा पुरावा मानण्याचा मोह होतो. परंतु पुनर्निर्मित आवृत्तीवर जुने चिन्ह आठवण म्हणून छापता येते. कायद्याने आणि व्यवहाराने छापावी लागणारी बारीक अक्षरे मात्र सहसा कोणी नटवत नाही. खरी माहिती तिथे असते.

खोक्यावर पट्ट्यांचा बारकोड असेल तर तो जंबो मशिंडरच्या भरभराटीच्या काळातला नाही. जपानमध्ये वस्तूंचा बारकोड १९७८ मध्ये सुरू झाला आणि सर्वत्र दिसू लागायला त्यानंतर आणखी काही वर्षे गेली. निर्मात्याच्या पत्त्यात सात आकडी पिनकोड असेल तर छपाई १९९८ किंवा त्यानंतरची, कारण सात आकडी पद्धत जपानने त्या वर्षीच्या फेब्रुवारीत आणली. किमतीसोबत कराचा उल्लेख असेल तर ती १९८९ च्या एप्रिलनंतरची, कारण उपभोग कर त्या महिन्यात लागू झाला. हक्कधारकांच्या ओळीत तोएई दोगा असे नाव असेल तर छपाई १९९८ पूर्वीची असण्याची शक्यता मोठी. त्या वर्षी कंपनीने तोएई अॅनिमेशन हे नाव घेतले. चित्रलिपी वाचता येत नसेल तर दोन्ही नावांचे नमुने मोबाइलमध्ये ठेवून आकार जुळवून पाहावेत. जपानी खेळणी उद्योगाचे सुरक्षिततेचे ‘एसटी’ चिन्ह १९७१ पासूनचे आहे, म्हणून ते असण्यावरून काळ नेमका ठरत नाही.

या सर्व खुणा एका दिशेने चालतात हे लक्षात ठेवावे. बारकोड असणे म्हणजे खोका नंतरचा असे खात्रीने म्हणता येते. बारकोड नसणे म्हणजे खोका जुना असे म्हणता येत नाही. काही जण पराबैंगनी टॉर्च मारून कागद चमकतो का ते पाहतात आणि चमकला की नवा ठरवतात. ती पद्धत सोडून द्यावी, कारण कागद उजळ करणारी द्रव्ये १९५० च्या दशकापासून वापरात आहेत.

खोका अस्सल ठरला तरी आतला रोबोट त्याच खोक्यातला आहे हे सिद्ध होत नाही. खोक्यावरील छायाचित्रात दिसणारे भाग मोजावेत आणि आतल्या कोंदणांचे आकार प्रत्यक्ष भागांशी लावून पाहावेत. वर्षानुवर्षे एकाच जागी पडून राहिलेल्या मुठीचा दाबलेला ठसा पुठ्ठ्यावर उमटलेला असतो. तो ठसा बनवणे नकल करणाऱ्याला सुचत नाही.

अमेरिकी आवृत्ती असेल तर

मॅटेल कंपनीने १९७७ मध्ये हेच मोठे रोबोट अमेरिकेत ‘शोगुन वॉरियर्स’ या नावाने आणले. नावे किंचित बदलली: ग्रेट माझिंगर झाला माझिंगा, गेटर ड्रॅगनच्या नावाच्या वर्णलेखनात एक अक्षर फिरले, राइदीन झाला रेडीन. पुढे गाइकिंग आणि दाइमोस आले, आणि त्यांच्या जोडीला गॉडझिला व रोडान हे तोहो या चित्रपट कंपनीचे दोन राक्षसही. सुमारे ५० सेंटिमीटरचा तो गॉडझिला मूठ उडवतो, ही गोष्ट पडद्यावरच्या गॉडझिलाने कधीच केलेली नाही. रोबोटांच्या मालिकेत बसायचे तर रोबोटासारखे वागावे लागले, एवढाच त्याचा अर्थ. युरोपात याच सुमारास ग्रेंडायझरची मालिका गाजली, इटलीत एप्रिल १९७८ पासून ‘गोल्डरेक’ आणि फ्रान्समध्ये जुलै १९७८ पासून ‘गोल्डोराक’ या नावांनी, त्यामुळे ही नावे असलेले खोकेही आढळतात. त्यांची तपासणी करताना सीई हे युरोपीय सुरक्षिततेचे चिन्ह शोधावे. खेळण्यांवर ते १९९० पासून येऊ लागले, म्हणून त्याची उपस्थिती १९७८ च्या दाव्याला छेद देते. अमेरिकी खोक्यावर लहान भागांमुळे गुदमरण्याच्या धोक्याचा त्रिकोणी इशारा असेल तर तेही १९९० च्या दशकातल्या कायद्यानंतरचे लक्षण आहे.

या धोक्याची आठवण करून देणारी एक दुःखद घटना शोगुन वॉरियर्सच्या काळातलीच आहे. १९७८ च्या अखेरीस मॅटेलच्याच दुसऱ्या एका मालिकेतील अंतराळयानाचे उडणारे क्षेपणास्त्र घशात अडकून अमेरिकेत एका लहान मुलाचा मृत्यू झाला. स्प्रिंगने काहीतरी उडवणारी सर्वच खेळणी त्यानंतर संशयाखाली आली आणि शोगुन वॉरियर्सची मालिका १९८० मध्ये आटोपली. म्हणूनच, या रोबोटांची क्षेपणास्त्रे आजही लहान मुलांच्या हाती देऊ नयेत. वस्तू जुनी झाली म्हणून तिचा धोका जुना होत नाही.

जपानमध्ये मात्र जंबो मशिंडर आधीच उतरणीला लागले होते, आणि ते कारण वेगळे होते. १९७४ मध्ये पॉपीनेच जस्ताच्या मिश्रधातूचा, तळहातावर मावणारा माझिंगर झेड ‘चोगोकिन’ या नावाने काढला. कथेत रोबोट ज्या काल्पनिक धातूचा बनलेला आहे त्याचेच हे नाव. लहान असूनही तो हाताला भरीव आणि जड लागे. कथेतला धातूचा रोबोट मुलाला हलक्या, पोकळ मोठ्या खेळण्यापेक्षा त्या वजनात जास्त खरा वाटला असावा. नंतर कॉम्बॅटलर व्हीसारखे पाच यानांचे जोडून बनणारे रोबोट आले, आणि सुटून पुन्हा जुळणे हाच खेळ झाला. फुगवलेल्या बाटलीत एवढे सांधे बसवणे शक्य नव्हते. १९८० च्या जुलैमध्ये बांदाईने ३०० येनला गुंडाम या मालिकेतल्या रोबोटचा जोडायचा संच विकायला काढला तेव्हा मुले स्वतःच रोबोट बनवू लागली होती. पुढे २०१० च्या दशकात सुपर ७ या अमेरिकी कंपनीने ‘सुपर शोगुन’ या नावाने जुन्या घडणीची मोठी खेळणी नव्याने काढली, पण ती मोठ्या माणसांसाठी. ती नवी आहेत हे लपवलेले नसते, त्यामुळे त्यांची गफलत सहसा होत नाही.

स्वच्छता आणि साठवण

आता सांभाळण्याकडे वळावे. धूळ कोरड्या, मऊ ब्रशने काढावी. शिवणीत अडकलेली धूळ रंग लावण्याच्या बारीक ब्रशने निघते. मळ हट्टी असेल तर किंचित ओलसर कापड आणि नावापुरता सौम्य साबण पुरे होतो, आणि त्यानंतर स्वच्छ पाण्याचे कापड फिरवून साबण पूर्ण काढून टाकावा. साबणाच्या पाण्यात भाग भिजत ठेवण्याची घाई करू नये. ताणाखाली असलेल्या पॉलिएथिलीनला साबणातील द्रव्यांमुळे तडे जाऊ शकतात, आणि मुठी जिथे अडकतात ती कड किंवा पाय जिथे धडात बसतात ती खाच नेमकी ताणाखालीच असते. शिवाय पाणी पोकळ धडात शिरले की बाहेर पडायला वाट सापडत नाही आणि आतली स्प्रिंग गंजते. स्टिकरांच्या जवळ ओले कापडही नेऊ नये. वळलेली कड पाण्याने पुन्हा बसत नाही, फक्त कागद फुगतो.

पिवळेपणा घालवण्यासाठी हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवण्याचा उपाय सुचवला जातो. तो मुळात जुन्या संगणकांच्या एबीएस प्लास्टिकसाठी प्रचारात आला, तिथेही पिवळेपणा पुन्हा परततो, आणि उन्हातील पराबैंगनी किरण पॉलिएथिलीनला ठिसूळ आणि खडूसारखे करतात. माझ्या मते पिवळा माझिंगर ठिसूळ माझिंगरपेक्षा कितीतरी बरा.

बाहूतली स्प्रिंग कधीही दाबलेल्या स्थितीत ठेवून देऊ नये. मूठ बसवून ठेवणे शोभेसाठी आवश्यक वाटत असेल तर कळ न अडकवता ती नुसती टेकवावी. स्क्रू उघडण्याची वेळ आली तर जपानी मानकाचा चौफुली स्क्रूड्रायव्हर वापरावा. पाश्चात्त्य चौफुलीचे टोक त्या खाचेत पूर्ण बसत नाही, घसरते आणि स्क्रूचे डोके खाऊन टाकते. प्लास्टिकमध्ये पुन्हा स्क्रू घालताना तो आधी उलटा फिरवावा, जुन्या आट्यात बसल्याची बारीक ‘टक’ जाणवली की मगच आवळावा. तुटलेला पॉलिएथिलीनचा भाग गोंदाने जोडण्याचा हट्ट सोडावा. पायाची भिंत आत बसली असेल आणि प्लास्टिकला तडा गेला नसेल, तर कोमट उबेने आणि आतून हलक्या दाबाने ती बऱ्याचदा परत येते. उकळते पाणी किंवा गरम हवेची बंदूक वापरली तर आकारच बिघडतो.

मऊ व्हिनाइलचे भाग इतर प्लास्टिकला चिकटून ठेवू नयेत. त्यांतील मऊपणा देणारे तेलकट द्रव्य हळूहळू बाहेर येते आणि शेजारच्या टणक प्लास्टिकवर चिकट डाग पाडते किंवा त्याला खाते. आम्लरहित कागदात प्रत्येक भाग वेगळा गुंडाळावा. घट्ट प्लास्टिकची पिशवी टाळावी. उभा ठेवायचा असेल तर थेट ऊन, दिव्याची उष्णता आणि चाके घसरतील अशी काचेची फळी, ही तिन्ही ठिकाणे वर्ज्य आहेत. चाकांसमोर लहानशी अडण लावली तर धक्क्याने रोबोट खाली येत नाही. सहज उचलला जातो तसा तो सहज पडतोही.

शेवटी एक वही ठेवावी. धड, डोके, उजवी मूठ, डावी मूठ, पंख, क्षेपणास्त्रे, स्टिकर आणि खोका यांच्यासाठी वेगळ्या ओळी असाव्यात. प्रत्येक ओळीत तो भाग कधी आणि कसा मिळाला, त्याचे माप काय आणि तो मूळ, बदललेला की प्रत आहे, हे लिहावे. बदललेल्या भागावर आतल्या, न दिसणाऱ्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेल्या कागदाचा बारीक तुकडा ठेवला तर उत्तम. रोबोट पुढच्या हाती जाईल तेव्हा वही सोबत जाईलच असे नाही.